तुमची भीती माझ्याजवळ आहे

अहो, तुम्ही गेल्यापासून मला सकाळची भीती वाटते. लोकांना रात्रीची वाटते, माझं उलटंच. रात्री निदान कुणी येत नाही. सकाळी जरा ऊन वर आलं की आपल्या फाटकाची कडी वाजते, कुणीतरी पांढऱ्या कपड्यात आत येतं, तुमच्या फोटोपुढे हात जोडतं, "जय भीम, वहिनी" म्हणतं आणि खुर्चीत टेकून तेच वाक्य बोलतं. "आप्पांना मरणाची भीती म्हणून ठाऊक नव्हती." मी चहा आणायला आत पळते. बशीवर कप वाजायला लागतो म्हणून हल्ली मी बशाच देत नाही. मितूने विचारलं, "आई, बशा कुठायत?" मी म्हटलं, "फुटल्या." एकही फुटलेली नाही, सगळ्या वरच्या फळीवर आहेत.

ते वाक्य खरं नाही, हे या अख्ख्या इंदिरानगरात मला एकटीला माहीत आहे. आणि कुणाला सांगणार नाही, असा शब्द मी तुम्हाला दिलेला आहे. म्हणून मला सकाळची भीती वाटते. एखाद्या दिवशी चहाचा ट्रे हातात असताना तोंडातून निघून जाईल, असं वाटत राहतं.

भित्री तर मी आधीपासूनच. अख्खा वर्ग नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई घरात पाल दिसली की पलंगावर चढते, याची तुम्हाला केवढी गंमत वाटायची! कुकरची शिटी, लिफ्टचं दार, बँकेतून आलेला फोन, सगळ्याला मी भ्यायचे आणि तुम्ही पाहुण्यांना रंगवून सांगायचात. "आमच्या मास्तरीणबाईंना कशाची भीती वाटत नाही ते विचारा, यादी छोटी आहे." मी चिडायचे. पण मनातून मला बरं वाटायचं, कारण घरात एक जण न भिणारा असला की दुसऱ्याने खुशाल भ्यावं. आपला संसार या वाटणीवरच चालला होता.

आपल्या घरातली ती अश्विन पौर्णिमेची रीत तुम्हीच काढलेली. पावसाळ्याचा वर्षावास संपला, विहारातलं तीन महिन्यांचं वाचन पुरं झालं, की घरातल्या प्रत्येकाने आपली एक वस्तू देऊन टाकायची. अडगळीतली चालणार नाही. जी गेल्यावर जिवाला लागेल अशीच हवी. तुम्ही एका वर्षी रेडिओ दिलात, तोही क्रिकेटचा मोसम तोंडावर आलेला असताना. एका वर्षी तुमच्या अंबडच्या कंपनीने समारंभ करून दिलेलं घड्याळ दिलंत. मितूने शाळेत असताना तिचा कॅरम दिला आणि आठवडाभर तुमच्याशी बोलली नाही. मी लबाडी करायचे. मला न आवडणारी साडी इस्त्री करून, नवी असल्यासारखी घडी घालून ठेवायचे. तुम्ही तिच्यावरून हात फिरवून म्हणायचात, "मास्तरीणबाई, ही तर तुम्हाला मुळातच आवडत नव्हती." रागावला असतात तर मला भांडता तरी आलं असतं. तुम्ही "पुढच्या वर्षी बघू" म्हणून हसायचात आणि मी सणाच्या दिवशी तोंड फुगवून पुऱ्या तळायचे.

दर रविवारी त्रिरश्मीच्या पायऱ्या चढायच्या, हाही तुमचाच हट्ट. रिक्षावाला पांडवलेणी म्हणाला की तुम्ही त्याला त्रिरश्मी म्हणायला लावायचात, आणि तो बिचारा सुट्टे पैसे शोधत मान डोलवायचा. वर लेण्यात बसून तुम्ही मला अनात्म समजावायचात. मी धापा टाकत असायचे. "मी, मी म्हणून जे आपण धरून बसतो ना, ते शोधायला गेलं तर सापडत नाही," तुम्ही म्हणायचात. खाली अंबडच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात चमकत असायची आणि मला पाणी हवं असायचं. एकदा तर तुम्ही अंगणात वर्तमानपत्र पसरून आपली स्कूटर खोलून ठेवलीत. चाकं एकीकडे, सीट एकीकडे, नट वाटीत. मला बोलावून विचारलंत, "आता दाखव, यात स्कूटर कुठे आहे?" मी शाळेला निघालेली, खांद्याला पर्स. म्हटलं, "स्कूटर नाहीये हे मला दिसतंय, आता रिक्षाचे पैसे द्या."

पण त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मला खरा प्रश्न सुचला आणि संध्याकाळी मी तो तुम्हाला विचारला. मी नावाचं कुणी नसेलच, तर मग दुखतं कुणाला? तुम्ही काळ्या झालेल्या हातांनी नट आवळत होता. थोडं थांबलात, म्हणालात, "उद्या सांगतो." पुढे कितीदा तरी विचारलं मी. कधी लेण्यात, कधी माझं गुडघ्याचं दुखणं वाढलं तेव्हा, कधी नुसतं चिडवायला. तुम्ही "उद्या" म्हणायचात. विहारात तासभर बोलणारा माणूस माझ्यापुढे एका प्रश्नाला अडतो, याचा मला फार अभिमान होता.

मग तुम्ही देहदानाचं मनावर घेतलंत. आयुष्यभर पौर्णिमेला एकेक वस्तू दिली, आता सगळ्यात मोठी उरली, असं तुमचं म्हणणं. बौद्धाचार्य म्हणून तुम्ही वस्तीतल्या किती घरांतल्या अंत्ययात्रांत त्रिशरण म्हटलं होतं, त्यामुळे मरणाविषयी तुम्ही बोललात की लोक ऐकायचे. विहारात उभे राहून म्हणालात, "जिवंतपणी जे कुणाच्या कामी आलं नाही, ते मेल्यावर तरी येऊ द्या. पोरं शिकतील, डॉक्टर होतील." घराघरातून लोकांनी नावं दिली. पहिलं नाव दिलं ते मागच्या गल्लीतल्या सुमनबाईंनी. निफाडकडच्या, नवरा गेल्यावर मुलाकडे राहायला आलेल्या, विहारात कायम पुढे बसणाऱ्या. मी मात्र दिलं नाही. मला भीती वाटते म्हटलं. तुम्ही म्हणालात, "वाटू दे. याही वेळी तुझी पौर्णिमेची साडी झाली म्हणायची." आणि विषय सोडून दिलात.

नाव दिलेल्यांना घेऊन तुम्ही एकदा मेडिकल कॉलेजात जाऊन आलात, सगळं नीट दाखवतात म्हणून. घरी आलात तेव्हा मी चहा ठेवला होता. तुम्ही घेतला नाहीत. मी विचारलं, "कसं होतं?" तुम्ही म्हणालात, "स्वच्छ आहे." भर दुपारची वेळ होती, उन्हाळ्याचे दिवस, आणि तुम्ही कपाटातून ती तपकिरी माकडटोपी काढून कानावर ओढलीत. तुम्हाला थंडी सोसत नाही हे मला माहीत होतं. नाशिकच्या थंडीत तुम्ही दिवाळीपासून होळीपर्यंत त्या टोपीतच असायचात, तिच्यावरून आम्ही मायलेकी तुम्हाला कमी का चिडवलं! पण उन्हाळ्यात कधी घातली नव्हतीत. 

आता ती शेवटची दुपार लिहिते. 

मितू औषधं आणायला गेली होती. तुमचं श्वासाचं दुखणं त्या आठवड्यात फारच वाढलं होतं आणि डॉक्टर आता आमच्याकडे बघून बोलायचे, तुमच्याकडे नाही. अंगावर दोन ब्लँकेटं, डोक्याला टोपी. मी पायाला तेल लावत होते. तुम्ही मला हाक मारलीत, "विमल." इतक्या वर्षांत तुम्ही मला नावाने हाक मारल्याचे प्रसंग मोजकेच, त्यामुळे मी आधी त्या हाकेलाच घाबरले. तुम्ही म्हणालात, "मला तिथं नको पाठवू."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "दवाखान्यात नाही नेत आता, घरीच आहोत आपण."

"दवाखाना नाही गं. तिथं. कॉलेजात." मग बराच वेळ नुसता श्वास. "फार गार असतं तिथं. मी बघितलंय. मला भीती वाटते, विमल."

तुमचे डोळे माझ्यावर होते आणि ते माझ्या ओळखीचे नव्हते. वर्गात नवीन आलेलं, आई दारातून निघून गेलेलं पोर असतं ना, तसे. मी तुमचा हात धरला. तुम्ही तो इतका घट्ट आवळलात की माझ्या बांगडीचा वळ उठला. मी म्हटलं, "नाही पाठवणार." तुम्ही म्हणालात, "कुणाला सांगू नकोस. मितूला पण नको." मी म्हटलं, "नाही सांगणार." मग काहीतरी बोलायचं म्हणून, तुमचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून, मी मूर्खासारखं विचारलं, "फार दुखतंय का?"

तुम्ही मान हलवलीत. आणि म्हणालात, "तू विचारायचीस ना, दुखतं कुणाला. मला दुखतं, विमल. मला."

अहो, जन्मभर मला तुम्हाला या वादात हरवायचं होतं. जिंकले त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली, तेवढी आजवर कशाचीच वाटलेली नाही.

तुम्ही पहाटे गेलात. मितूने रडत रडतच कॉलेजला फोन केला, कारण वेळेत कळवायचं असतं हे तुम्हीच तिला शिकवलं होतं. गाडी निघाली म्हणाले. वस्ती दारात जमली. सुमनबाई पायाशी बसल्या होत्या. आणि माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. तुम्हीच सांगायचात ना, कालचा मी आणि आजचा मी एक नसतो? मग मी कुणाचं ऐकायचं होतं? विहारात उभं राहून सगळ्यांसमक्ष सांगणाऱ्याचं, की ब्लँकेटाखालून माझा हात धरणाऱ्याचं? पहिल्याला सगळी वस्ती ओळखत होती, दुसऱ्याला मी एकटी. त्याला माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "गाडी परत पाठवा."

मितू म्हणाली, "आई, काय बोलतेस तू?"

"मला नाही जमणार. मला ते कापायला द्यायचे नाहीत."

"तुझा प्रश्नच नाही यात! बाबांची इच्छा आहे. अख्ख्या गावाला माहितीये बाबांची इच्छा."

"मला नाही जमणार," मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ओरडूनच म्हटलं. मागून कुणीतरी हळूच बोललं, तरी मला ऐकू आलं, "आप्पांनी जगाला शिकवलं, बायकोला शिकवायचं राहिलं." मी ते ऐकून घेतलं. पदर डोळ्याला लावून, जशी बाई असेल असं त्यांना वाटत होतं तशी उभी राहिले. मितूने कॉलेजला पुन्हा फोन केला आणि माफी मागितली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. भाजी काय करू, गॅस बंद केला का, गोळी घेतली का.

आम्ही तुम्हाला अमरधामच्या स्मशानात नेलं. भन्तेजी आले, त्रिशरण पंचशील झालं. देशभरातून लोक आपली माणसं कलशात घेऊन आपल्या गावाला गोदावरीवर येतात आणि आपण जन्मभर इथं राहून कधी त्या वाटेला गेलो नाही. तुमची राख विहाराच्या आवारात खड्डा करून जांभळाच्या रोपाखाली घातली. हात लावला तर अजून कोमट होती. मला तेवढ्याने इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! गार नव्हती. टोपी मात्र अंघोळ घालताना काढली होती ती खुंटीवरच राहिली.

पुण्यानुमोदनाच्या सभेला विहार भरून माणसं आली. एकामागून एक उठले आणि बोलले, आप्पा निर्भय होते, आप्पा अनासक्त होते, आप्पांनी मरणाकडे हसत पाहिलं. मी पुढच्या रांगेत बसले होते. मला माझीच भीती वाटायला लागली होती. ज्याला सगळं कळत होतं, ज्याने आयुष्यभर तयारी केली, त्याची जर त्या दुपारी ही गत झाली, तर माझं काय होणार? मी तर पालीला भिते. माझ्या वेळी मी कुणाचा हात धरणार? मितू तर माझ्या शेजारी बसायलाही तयार नव्हती, दोन खुर्च्या सोडून बसली होती. तेव्हापासून छातीत जरा जळजळलं, जिन्यावर जरा पाय लटपटला, की मी आहे तिथे बसते आणि तुमचे ते डोळे दिसतात. तुमची भीती तुम्ही माझ्याजवळ ठेवून गेलात. मी तिचं काय करू, हे सांगितलं नाहीत.

परवा सुमनबाई आल्या. मला वाटलं तेच वाक्य बोलतील. त्या खुर्चीत बसल्याच नाहीत, खाली फरशीवर बसल्या आणि पदराचं टोक पिळायला लागल्या. "वहिनी, माझं नाव काढून टाका तिथलं."

मला वाटलं माझ्यामुळेच. म्हटलं, "मी आप्पांचं केलं ते बघून का?"

"नाय वो वहिनी, तुमचं काय बी नाय. माझंच काळीज कच्चं हाय." त्या रडायलाच लागल्या. "मला लय भ्या वाटतं. डोळा लागत नाय. आप्पासमोर मोठ्या तोंडानं हो म्हणले. आप्पाचं काळीज येगळं, त्यास्नी कसलंच भ्या नव्हतं. मी खोटी हाय, वहिनी. मी आजपतोर खोटंच विहारात बसत आले."

त्या पायाशी बसून अंग चोरत होत्या. तुमच्या फोटोकडे त्यांना वर बघवत नव्हतं. स्वयंपाकघरात मितूच्या विळीचा आवाज येत होता. मी गप्प बसू शकले असते. "बरं, काढते नाव" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं आणि तुम्हाला दिलेला शब्द राहिला असता. पण ती बाई तुमच्याच नावाने स्वतःला खोटी म्हणवून घेत होती. तुमच्या न भिण्याच्या गोष्टीने तिला असं वाळीत टाकलं होतं.  कुकरच्या शिटीला भिणारी मी, मला वाटलं आता तुम्ही फोटोतून ओरडाल.

मी म्हटलं, "सुमनबाई, आप्पा पण भ्यायले होते."

विळीचा आवाज थांबला.

मी सगळं सांगितलं. गार असतं म्हणालात ते, हात धरलात ते, मला दुखतं म्हणालात ते. सुमनबाई तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. मितू दारात येऊन उभी राहिली, हातात अर्धी चिरलेली मेथी. शेवटी सुमनबाई म्हणाल्या, "अगं बया. आप्पाला बी?" आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं. टिंगलीचं नव्हतं हो. हरवलेलं माणूस बाजारात अचानक दिसावं तसं हसू होतं. त्यांनी पहिल्यांदा वर तुमच्याकडे बघितलं. "मग ऱ्हाऊ द्या माझं नाव. भ्या वाटलं तर त्या टायमाला तुमास्नीच सांगीन. तुम्ही हाय ना?"

मी हो म्हटलं. म्हणजे आता आणखी एकीची भीती माझ्याकडे येणार, हे कळूनही म्हटलं.

त्या गेल्यावर मितू माझ्याजवळ जमिनीवर बसली.  मग म्हणाली, "बाबा मला का नाही बोलले?" मी म्हटलं, "तुझ्यासमोर त्यांना बाबाच राहायचं होतं." ती म्हणाली, "आणि तू? सगळ्यांचं ऐकून घेतलंस. माझंही."  तिने मेथीचा हात तसाच माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि आम्ही दोघी रडलो, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा एकत्र. चहा तिनेच केला. फळीवर हात घातला आणि बशांची चळत काढून माझ्यापुढे ठेवली. 

तर शब्द मोडला, अहो. पौर्णिमा नव्हती, वर्षावास नव्हता, पण तुमच्या घरात तुमची म्हणून एवढी एकच मोठी वस्तू उरली होती, निर्भय आप्पा हे नाव. मला ते फार प्यारं होतं, त्याच्या आडोशाने मी जन्मभर खुशाल भ्याले. ते मी सुमनबाईंना देऊन टाकलं. या वेळी न आवडणारी साडी नाही दिली. तुम्हाला विचारलं नाही, यासाठी रागवायचं असेल तर रागवा. माझ्यासाठी मात्र तुम्ही त्या दुपारी लहान झाला नाहीत. विहारातल्या आप्पांना मी मान दिला, पण माया केली ती त्या ब्लँकेटातल्या माणसावर, आणि त्याने माझ्यावर विश्वास टाकला याचे उपकार मी विसरणार नाही.

भीती गेलेली नाही. आज सकाळी कडी वाजली तेव्हाही मी आत पळालेच. माझं नाव मी अजून कॉलेजात दिलेलं नाही, देईन की नाही ते माहीत नाही. मितू म्हणते, घाई नाही.

टोपी तेवढी देणार नाही. मितूने विचारलं, बाबांचे गरम कपडे वस्तीवर वाटायचे का, मी म्हटलं, स्वेटर ने, शाल ने, टोपीला हात लावू नकोस. माझं असं काही नसतं, म्हणाल तुम्ही. असू द्या. पहाटे गार वाजतं तेव्हा मी ती कानावर ओढून तुमच्या खुर्चीत बसते. भीती वाटत असते, आणि टोपीला अजून तुमच्या तेलाचा वास आहे. त्या वेळी टोपीच्या आत कोण भ्यायलंय, ते मला विचारू नका. उद्या सांगते.